क्षेपणास्त्र आणि चेंडू : विल्यम हिगिनबॉथम यांचे चरित्र

सुटीच्या दुपारी घरोघरी एक दृश्य दिसते. मुले मोबाइल घेऊन कोपऱ्यात बसलेली असतात. वीतभर काचेवर मोटारी धावत असतात, क्रिकेटचे सामने रंगत असतात, आणि जेवणासाठी आईने मारलेली तिसरी हाकही कोणाच्या कानी पडत नाही. वडील मंडळी रागावतात, आणि त्यांचे रागावणे योग्यच असते. परंतु पडद्यावर खेळ खेळावा ही कल्पना प्रथम कोणाला व कशी सुचली, याची चौकशी रागावणारेही करीत नाहीत आणि खेळणारेही करीत नाहीत. म्हणून या अंकात आम्ही अशा एका शास्त्रज्ञाचे चरित्र वाचकांस सादर करीत आहोत, की ज्यांनी हा खेळ त्याच्या अगदी आरंभीच्या काळात रचला, त्यापासून एक कवडीही मिळविली नाही, आणि आपले नाव त्या खेळावरून राहावे अशी इच्छाही कधी धरली नाही. त्यांचे नाव विल्यम हिगिनबॉथम.

हिगिनबॉथम यांचा जन्म दि. 25 ऑक्टोबर 1910 रोजी अमेरिकेतील कनेक्टिकट राज्यात ब्रिजपोर्ट या गावी झाला. वडील ख्रिस्ती धर्मोपदेशक होते. बालपण न्यूयॉर्क राज्यातील कॅलेडोनिया नावाच्या लहानशा गावी गेले. 1932 मध्ये विल्यम्स कॉलेजातून पदवी घेऊन ते पदार्थविज्ञानाच्या पुढील अभ्यासासाठी कॉर्नेल विद्यापीठात दाखल झाले. तेथे डॉक्टरेट पदरी पडली नाही. पण विजेची उपकरणे जोडण्याची, बिघडलेली दुरुस्त करण्याची आणि नसलेली नव्याने घडविण्याची हातोटी मात्र पुरती साधली. स्वभावाने ते आनंदी होते. ॲकॉर्डियन, म्हणजे गळ्यात अडकवून वाजवावयाची पाश्चात्य पेटी, ते हौसेने वाजवीत, आणि मित्रमंडळींच्या नृत्याच्या बैठकींत त्यांना आवर्जून बोलावणे येई.

दुसऱ्या महायुद्धाने या आनंदी माणसाच्या आयुष्याला निराळेच वळण दिले. 1941 मध्ये ते मॅसॅच्युसेट्स येथील प्रयोगशाळेत रडारच्या कामावर रुजू झाले. शत्रूचे विमान कोठे आहे हे काचेच्या पडद्यावर प्रकाशाच्या ठिपक्याने दाखविण्याची विद्या त्यांनी तेथे आत्मसात केली. ही विद्या पुढे भलत्याच कामी यावयाची होती, हे वाचकांनी ध्यानात ठेवावे. 1943 च्या अखेरीस त्यांना न्यू मेक्सिकोतील लॉस ॲलामॉस येथे नेण्यात आले. तेथे अत्यंत गुप्तपणे अणुबाँब तयार होत होता. बाँबचा स्फोट नेमक्या क्षणी व्हावा म्हणून जी कालमापक विद्युत्‌मंडले लागत, ती रचणाऱ्या इलेक्ट्रॉनिक्स विभागात हिगिनबॉथम होते, आणि पुढे त्या विभागाचे ते प्रमुखही झाले. 16 जुलै 1945 रोजी वाळवंटात पहिली चाचणी झाली. त्यानंतर महिना उलटण्याच्या आतच, 6 व 9 ऑगस्ट रोजी, हिरोशिमा आणि नागासाकी ही दोन शहरे बेचिराख झाली.

त्या वेळी हिगिनबॉथम यांचे वय अवघे चौतीस वर्षांचे होते. आपल्या हातून घडलेल्या कामाचा परिणाम काय झाला हे त्यांनी जाणले, आणि त्या दिवसापासून त्यांच्या मनाने उलट दिशा धरली. लॉस ॲलामॉस येथील शास्त्रज्ञांनी अण्वस्त्रांना आळा घालण्यासाठी संघटना उभारली, तिचे ते पुढारी झाले. 1945 च्या अखेरीस त्यांनी प्रयोगशाळा सोडून राजधानी वॉशिंग्टन गाठली. पुढे अमेरिकन शास्त्रज्ञांचा महासंघ म्हणून जी संस्था प्रसिद्धीस आली, तिचे पहिले अध्यक्ष हिगिनबॉथम होत. अणुशक्तीचा कारभार लष्कराच्या मुठीत न राहता नागरी आयोगाकडे असावा, यासाठी या मंडळींनी कायदेमंडळाच्या सभासदांच्या दारोदार हिंडून त्यांना अणूचे शास्त्र समजावून सांगितले. 1946 मध्ये तसा कायदा संमत झाला. कारखान्यात हत्यार घडविणाऱ्यानेच हत्याराला म्यान शोधण्यासाठी पायपीट करावी, असा हा प्रकार होता.

पुढे हिगिनबॉथम न्यूयॉर्क शहराच्या पूर्वेस, लाँग आयलंडवरील ब्रुकहेवन राष्ट्रीय प्रयोगशाळेत आले. एका जुन्या लष्करी छावणीच्या जागेवर 1947 मध्ये स्थापन झालेली ही प्रयोगशाळा अणूच्या शांततामय उपयोगासाठी होती. 1951 पासून उपकरणे तयार करणाऱ्या विभागाचे ते प्रमुख होते. दरवर्षी शरद ऋतूत तेथे जनतेसाठी प्रदर्शन भरे. आपल्या शाळांतून विज्ञान प्रदर्शने भरतात तसेच ते होते. तक्ते, छायाचित्रे आणि काचेच्या पेट्यांत मांडलेली यंत्रे. लोक येत, हात मागे बांधून पाहात आणि निघून जात. हिगिनबॉथम यांच्या मनाला ही गोष्ट खटके. पाहुण्यांना स्वतःच्या हाताने काही करावयास मिळाले, तर विज्ञान त्यांना जवळचे वाटेल, असा विचार त्यांच्या मनात आला.

विभागात डॉनर कंपनीचा एक लहान ॲनालॉग संगणक होता. आजचा संगणक आकड्यांवर चालतो. तो संगणक विजेच्या कमीअधिक दाबावर चाले. त्याच्याबरोबर आलेल्या माहितीपुस्तिकेत काही उदाहरणे दिलेली होती: बंदुकीच्या गोळीचा मार्ग, क्षेपणास्त्राचा मार्ग आणि उसळणाऱ्या चेंडूचा मार्ग पडद्यावर कसा काढावा. गुरुत्वाकर्षण तेच, हवेचा अडथळा तोच, गणितही जवळजवळ तेच. ज्या माणसाने बाँबची मंडले रचली होती, त्याने या तीन उदाहरणांतून चेंडू उचलला.

खेळाची कल्पना काही तासांत सुचली; आराखडे दोनएक दिवसांत तयार झाले. रॉबर्ट ड्वोरॅक या कुशल तंत्रज्ञाने सुमारे दोन आठवडे खपून जोडणी पुरी केली. पडदा म्हणून ऑसिलोस्कोप वापरला. विजेचा दाब कसा कमीअधिक होतो हे प्रकाशाच्या ठिपक्याने दाखविणारे हे यंत्र. त्याची काच अवघी पाच इंच व्यासाची. त्या काचेवर आडवी रेघ म्हणजे टेनिसचे मैदान, मध्ये लहानशी उभी रेघ म्हणजे जाळे, आणि हलता ठिपका म्हणजे चेंडू. ठिपका वस्तुतः एकच असे. पण मैदान, जाळे आणि चेंडू या तिन्ही जागी तो आळीपाळीने इतक्या वेगाने उमटे की मानवी डोळ्याला तिन्ही गोष्टी एकाच वेळी दिसत. या कामी त्यांनी त्या काळी नवलाईचे असलेले ट्रान्झिस्टर वापरले होते. रडारच्या पडद्यावर शिकलेली विद्या ती हीच.

दोन खेळाडूंच्या हाती दोन लहान पेट्या असत. पेटीवरील चकती फिरवून चेंडूचा कोन ठरवावयाचा आणि बटण दाबून चेंडू मारावयाचा. रॅकेट पडद्यावर दिसत नसे. खेळाडूने ती मनातच धरावयाची. चेंडू वर चढे, खाली येई, जमिनीवर आपटून उसळे, जाळ्यावर आदळला तर मागे फिरे. प्रत्येक फटक्याबरोबर यंत्रातून टक् असा आवाज येई. गुण मोजण्याची सोय नव्हती. कोण जिंकले हे खेळणाऱ्यांनीच ठरवावे.

दि. 18 ऑक्टोबर 1958 रोजी हा खेळ प्रथम लोकांसमोर आला. पाच इंचांच्या त्या काचेसमोर लोकांची अशी रांग लागली की इतर प्रदर्शने ओस पडली. शेकडो लोकांनी हा खेळ खेळून पाहिला. पुढील वर्षी हिगिनबॉथम यांनी मोठा पडदा आणला आणि आणखी एक गंमत केली. चंद्रावर टेनिस खेळले तर चेंडू कसा संथ तरंगेल, आणि गुरू ग्रहावर खेळले तर कसा झपाट्याने खाली येईल, हेही खेळाडूला अनुभवता येऊ लागले. खेळता खेळता गुरुत्वाकर्षणाचा धडा गिरविला जाई, आणि शिकविणारा मात्र कोठे दिसत नसे.

दोन वर्षांची प्रदर्शने संपली आणि यंत्र मोडण्यात आले. त्याचे सुटे भाग इतर कामांस लागले. हिगिनबॉथम यांच्या नावावर वीसहून अधिक शोधांचे पेटंट होते. या खेळाचे मात्र त्यांनी घेतले नाही. चेंडू उसळविणे हा मोठा शोध आहे असे त्यांस वाटले नाही, आणि घेतले असते तरी सरकारी प्रयोगशाळेतील शोध म्हणून ते सरकारच्याच मालकीचे झाले असते.

येथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. यंत्रावरील पहिला खेळ तो हाच, असे म्हणता येत नाही. 1951 मध्ये ब्रिटनच्या महोत्सवात निमरॉड नावाचे यंत्र काड्यांचा खेळ खेळे, आणि 1952 मध्ये केंब्रिज येथे ए. एस. डग्लस यांनी संगणकावर फुली-गोळ्याचा खेळ बसविला होता. परंतु ते यंत्राची बुद्धी दाखविण्यासाठी किंवा संशोधनासाठी केलेले होते. केवळ सामान्य माणसाला आनंद व्हावा म्हणून हलत्या चित्राचा खेळ रचणाऱ्यांत हिगिनबॉथम यांचे नाव अग्रभागी घ्यावे लागते.

1972 मध्ये राल्फ बेअर यांच्या कल्पनेवर आधारलेले, घरच्या टेलिव्हिजनला जोडावयाचे मॅग्नावॉक्स कंपनीचे यंत्र बाजारात आले. त्याच वर्षी अटारी कंपनीचा पाँग हा टेनिससारखा खेळही आला, आणि पाहता पाहता व्हिडिओ गेमचा प्रचंड धंदा उभा राहिला. पेटंटच्या हक्कावरून कज्जे सुरू झाले, तेव्हा बेअर यांच्या हक्कांना आव्हान देणाऱ्यांचे वकील पुरावे शोधीत हिगिनबॉथम यांच्यापर्यंत पोहोचले. त्यांनी जे घडले ते साक्षीत सांगितले. निकाल बेअर यांच्या बाजूने लागले, आणि हिगिनबॉथम यांनी त्याबद्दल खेद मानला नाही. 1982 मध्ये क्रिएटिव्ह कॉम्प्युटिंग या मासिकाने त्यांच्या खेळाची हकीकत छापली. त्या मासिकाचे संस्थापक डेव्हिड आल यांनी तरुणपणी, 1958 मध्ये, तो खेळ ब्रुकहेवन येथे प्रत्यक्ष पाहिला होता. चोवीस वर्षे तो ठिपका त्यांच्या स्मरणात उसळत राहिला होता असेच म्हटले पाहिजे.

या सर्व काळात हिगिनबॉथम स्वतः काय करीत होते? अण्वस्त्रांचा प्रसार रोखण्याचा करार 1968 मध्ये सह्यांसाठी खुला झाला. पण नुसत्या करारावर भागत नाही. युरेनियम व प्लुटोनियम किती तयार झाले, कोठे गेले, वाटेत किती गहाळ झाले, याचा काटेकोर हिशेब ठेवावा लागतो. हे किचकट आणि कीर्ती न देणारे काम त्यांनी आयुष्याच्या उत्तरार्धात अंगावर घेतले. त्या विषयाच्या नियतकालिकाचे संपादनही त्यांनी अनेक वर्षे केले. दि. 10 नोव्हेंबर 1994 रोजी जॉर्जिया राज्यातील गेन्सव्हिल येथे वयाच्या 84 व्या वर्षी त्यांचे निधन झाले. अण्वस्त्रप्रसाराविरुद्ध केलेल्या कामासाठी आपले स्मरण राहावे, अशीच त्यांची इच्छा होती, असे त्यांच्या पुत्राने पुढे आवर्जून सांगितले. जगाने मात्र त्यांना टेनिसच्या ठिपक्यासाठी लक्षात ठेवले. प्रयोगशाळेच्या पन्नासाव्या वर्षी, 1997 मध्ये, तो खेळ पुन्हा जोडण्यात आला, तेव्हा जुने सुटे भाग मिळविता मिळविता काही महिने गेले.

विद्यार्थी मित्रहो, जगाची आठवण आणि माणसाची इच्छा यांचा मेळ नेहमीच बसतो असे नाही. परंतु आम्हांस असे वाटते की या चरित्रात त्या दोहोंत विरोध नाही. माहितीपुस्तिकेच्या एकाच पानावर क्षेपणास्त्र होते आणि चेंडूही होता. विद्येने कशाचीच शिफारस केली नव्हती. निवड माणसाला करावी लागली. चौतिसाव्या वर्षी जे हातून घडले ते हिगिनबॉथम यांना पुसता आले नाही. पण त्यानंतरची जवळजवळ पन्नास वर्षे त्यांनी प्रत्येक वेळी चेंडूच उचलला, मग तो प्रदर्शनाच्या टेबलावर असो वा करारांच्या कागदांत. तुम्ही आज गणित व पदार्थविज्ञान शिकता, उद्या यंत्रे रचाल. तेव्हा हे पान तुमच्याही समोर येईल. तोपर्यंत एवढेच करा: मोबाइलवरचा चेंडू उसळताना दिसला की तो खाली का येतो याचा क्षणभर विचार करा, आणि आईची पहिलीच हाक ऐकून जेवावयास उठा.