जुन्या गाडीला टर्बो लावताय? आधी ब्युखींची गोष्ट वाचा

आमची पेट्रोल गाडी २ लाख किमी चाललीय. कर्जतहून निघून खोपोलीपर्यंत ठीक, पुढे बोरघाटात धापा टाकते. टर्बो लावूया, असं माझ्या डोक्यात आलं. मग टर्बोचे जनक आल्फ्रेड ब्युखी यांच्याबद्दल वाचलं.

त्यांचा जन्म १८७९ चा, स्वित्झर्लंडमधल्या विंटरथूरचा. झुरिकमध्ये इंजिनिअरिंग केलं. इंजिनाची बरीच उष्णता धुरातून फुकट जाते, हे त्यांनी हेरलं. त्याच धुराने टर्बाइन फिरवायची, तिने कॉम्प्रेसर फिरवायचा आणि सिलिंडरमध्ये जास्त हवा कोंबायची. १९०५ मध्ये त्यांनी पेटंट घेतलं. पण खरं यश आलं १९२५ मध्ये! त्यानंतर दोन जर्मन जहाजांची डिझेल इंजिनं १७५० वरून २५०० हॉर्सपॉवरवर गेली. १९५९ मध्ये ब्युखींचं निधन झालं.

म्हणजे आयडिया सुचल्यावरही २० वर्षं घासावी लागली. जादा हवा म्हणजे जादा दाब, जादा उष्णता. ती सोसणारं इंजिन हवं. झिजलेल्या पिस्टन रिंगांवर हा भार टाकला, तर इंजिनच बसायचं. म्हणून मी आधी कॉम्प्रेशन टेस्ट करून घेणार. टर्बोचं नंतर बघू.