नटांचा चित्रकार

आवडत्या नटाचे चित्र भिंतीवर लावलेले तुम्ही पाहिले असेल. पण कॅमेरा नव्हता, तेव्हा लोक काय करत असतील? जपानमध्ये अशी चित्रे लाकडी ठशांनी छापली जात. ती काढणाऱ्या एका महान चित्रकाराची ओळख आज आपण करून घेऊ. त्यांचे नाव उतागावा कुनिसादा.

कुनिसादांचा जन्म १७८६ साली एदो शहरात झाला. एदो म्हणजे आजचे टोकियो. त्यांच्या वडिलांचा नावेतून लोकांना नदीपार नेण्याचा धंदा होता. कुनिसादा अगदी लहान असतानाच वडील वारले. नावेच्या उत्पन्नाने घराला आधार दिला. मुलाला चित्रांचा फार नाद होता. सुमारे १८०० साली तोयोकुनी या नामवंत चित्रकाराने त्यांना शिष्य केले. गुरूच्या नावातला ‘कुनी’ शिष्याच्या नावात आला.

त्या काळी एदोमध्ये काबुकी नाटकांचे लोकांना वेड होते. स्त्रियांना रंगमंचावर येण्यास मनाई होती. त्यामुळे स्त्रियांच्या भूमिकाही पुरुषच करत. नाटकातली चांगली जागा गरिबांना परवडत नसे. नटाचे चित्र मात्र थोड्या पैशांत मिळे. ते कसे तयार होई, ठाऊक आहे? चित्रकार कागदावर चित्र काढी. दुसरा कारागीर ते चेरीच्या लाकडावर कोरी. प्रत्येक रंगासाठी वेगळा ठसा असे. तिसरा कारागीर एकेक रंग कागदावर छापी आणि प्रकाशक ती चित्रे विकी.

१८४२ साली मोठे संकट आले. लोकांनी साधेपणाने राहावे, म्हणून सरकारने कडक नियम केले. नटांची चित्रे छापण्यावर बंदी आली. सातवे दांजूरो या प्रसिद्ध नटाला तर थाटामाटात राहिल्याबद्दल शहराबाहेर घालवण्यात आले. आता नटांच्या चित्रकाराने काय करावे? कुनिसादांनी हात बांधून बसणे पसंत केले नाही. ते इतर विषयांवर चित्रे काढत राहिले. काही वर्षांनी नटांची चित्रे पुन्हा निघू लागली, पण त्यांवर नटांची नावे नसत. तरीही नाक, डोळे आणि भुवया पाहून लोक आपला नट लगेच ओळखत. नावाचे काम चेहरा करी!

१८४४ साली कुनिसादांनी आपल्या दिवंगत गुरूचे ‘तोयोकुनी’ हे नाव धारण केले. सत्तरी उलटल्यावरही त्यांनी नटांच्या मोठ्या चेहऱ्यांची सुंदर चित्रमालिका केली. १८६५ साली ते वारले. त्यांनी २०,००० हून अधिक चित्रे केली, असे अभ्यासक मानतात. पुढे ही चित्रे युरोपात पोहोचली. व्हॅन गॉग या थोर चित्रकाराच्या संग्रहातही ती होती.

मित्रांनो, ते नट गेले, ती नाटके संपली, बंदीचा हुकूमही इतिहासजमा झाला. पण कुनिसादांच्या कागदावरचे ते चेहरे आजही आपल्याकडे पाहत आहेत. अडचणीतही आपले काम न सोडणाऱ्या माणसाची ही कमाई आहे.