कायद्याची खतावणी

विल्यम ब्लॅकस्टोन हे नाव वकिलांच्या ओळखीचे. बँकेत उभी हयात घालवलेल्या माझ्यासारख्याला हा माणूस जवळचा वाटला तो त्याच्या हिशेबामुळे. ऑक्सफर्डच्या ऑल सोल्स कॉलेजचे दफ्तर त्याच्याकडे आले, तेव्हा तिथली जमाखर्चाची पद्धत मध्ययुगातली, गुंतागुंतीची होती. त्याने ती मार्गी लावली आणि मागाहून येणाऱ्यांसाठी १७५३ मध्ये त्या हिशेबांवर एक प्रबंधच लिहून ठेवला. दुसऱ्याने लिहिलेली खाती ज्याने कधी ताब्यात घेतली असतील, त्याला या उपकाराचे मोल कळेल. पुढे इंग्लंडच्या कायद्याचे त्याने जे केले, ते याच जातीचे काम होते.

जन्म १७२३चा, लंडनचा. रेशमी कापडाचे व्यापारी असलेले वडील तो जन्मण्याआधीच गेले. बाराव्या वर्षी आईही गेली. १७४६ मध्ये तो बॅरिस्टर झाला, पण वकिली काही चालेना. तेव्हा गडी ऑक्सफर्डला परतला आणि १७५३ मध्ये स्वतःच्या हिमतीवर इंग्लंडच्या कायद्यावर व्याख्याने देऊ लागला.

आज यात नवल वाटणार नाही. त्या काळी मात्र ऑक्सफर्ड-केंब्रिजमध्ये रोमन कायदा शिकवीत, स्वतःच्या देशाचा नव्हे! लंडनमधल्या वकिलांच्या 'इन्स'मध्ये शिकवणे केव्हाच बंद पडले होते. ठरलेली जेवणे जेवली की हजेरी लागे. बाकी विद्या कोर्टात बसून, कागद उतरवून आणि १६२८चा कोकचा जाडजूड ग्रंथ चिवडून मिळवायची.

अडचण कायद्याच्या स्वभावातच होती. तो एका पुस्तकात नव्हताच. काही पार्लमेंटच्या अधिनियमांत, काही रूढींत आणि पुष्कळसा न्यायाधीशांच्या जुन्या निकालांत. जुना निकाल पुढच्याला बांधतो खरा. पण त्यातले नेमके काय बांधते? खटल्यातल्या हकिकती वेगळ्या काढायच्या, प्रश्न कोणता होता ते पाहायचे, तो ज्या कारणावर सुटला ते कारण उचलायचे. न्यायमूर्ती ओघात आणखी काही बोलून गेले असतील, तर ते आदराने ऐकायचे, पण त्याने कुणी बांधला जात नाही. कायद्याच्या विद्यार्थ्याची खरी तालीम ती हीच. न्यायाधीश कायदा घडवत नाही, असलेलाच उच्चारून दाखवतो, असे ब्लॅकस्टोन मानी. मला हे पुरते पटत नाही. दोनशे वर्षांच्या निकालांतून जे उभे राहिले, ते कुणीतरी घडवलेच ना?

१७५८ मध्ये ऑक्सफर्डने इंग्लिश कायद्याचे अध्यासन निर्माण केले आणि त्यावर पहिला बसला तो ब्लॅकस्टोन. व्याख्यानांचेच पुढे 'कॉमेंटरीज' झाले. १७६५ ते १७६९, चार खंड. पहिला माणसांच्या हक्कांचा आणि राज्ययंत्रणेचा, दुसरा मालमत्तेचा, तिसरा दिवाणी अपायांचा आणि ते निवारणाऱ्या न्यायालयांचा, चौथा गुन्ह्यांचा. रोजकीर्दीतल्या हजारो नोंदी चार खात्यांत खतवाव्यात, तसे. आणि हे केवळ होतकरू वकिलांसाठी नव्हे. उद्या ज्यूरीत किंवा पार्लमेंटात बसणाऱ्या साध्या गृहस्थालाही ते वाचता यावे, अशा भाषेत.

दोष होतेच. लग्नानंतर स्त्रीचे कायदेशीर अस्तित्व नवऱ्यात विरून जाते, हे सांगताना त्याला त्यात तिचे हितच दिसते. पंधरा वर्षांच्या वयात त्याच्या वर्गात बसलेल्या जेरेमी बेंथमने १७७६ मध्ये पुस्तक लिहून त्याला धारेवर धरले. जे आहे ते चांगलेच, असे म्हणायची खोड या माणसाला आहे, हा बेंथमचा रोख, आणि तो खोटा नव्हता.

पण त्या पुस्तकाची खरी ताकद दिसली १७६९ मध्ये, आणि तीही त्याच्या कर्त्यावरच. सरकारवर जहरी टीका करणाऱ्या जॉन विल्क्सला पार्लमेंटने सभागृहातून काढले. मिडलसेक्सच्या मतदारांनी त्याला पुन्हापुन्हा निवडून दिले. एकदा काढलेला माणूस निवडून यायलाच अपात्र, असा पवित्रा सरकारपक्षाने घेतला आणि खासदार ब्लॅकस्टोनने त्याची तरफदारी केली. तेव्हा माजी पंतप्रधान ग्रेनव्हिल यांनी सभागृहाला 'कॉमेंटरीज'च दाखवले. अपात्रतेची कारणे त्यात क्रमाने दिली होती, आणि हे कारण त्यांत नव्हते! ब्लॅकस्टोनला उत्तर सुचले नाही. पुढच्या आवृत्तीत त्याने ते कारण यादीत घातले. आमच्या धंद्यात असल्या मागाहून घातलेल्या नोंदीवर ऑडिटर लाल पेन्सिल ओढतो.

१७७० मध्ये तो न्यायाधीश झाला. १७७१-७२ मध्ये फिलाडेल्फियात त्याचे खंड छापले गेले आणि इंग्लंडच्या राजाशी भांडायला निघालेल्या वसाहतींतले वकील तेच वाचून तयार झाले; पुढे तरुण लिंकननेही कायद्याचे धडे त्यातूनच गिरवले. १४ फेब्रुवारी १७८० रोजी ब्लॅकस्टोन वारला. विल्क्सला अपात्र ठरवणारा ठराव पार्लमेंटने आपल्या दफ्तरातून खोडून टाकला तो १७८२ मध्ये.