दुष्काळातले लोकमान्य



१ ऑगस्ट ही लोकमान्य टिळकांची पुण्यतिथी. आपल्या शाळेत दरवर्षी त्या दिवशी भाषणे होतात आणि त्यांत शेंगांच्या टरफलांची गोष्ट, गणेशोत्सव आणि मंडाले हमखास येतात. आम्ही स्वतः हिंदी माध्यमात शिकलो. आमच्या पुस्तकात टिळक भेटले ते लाल-बाल-पाल या तिघांतले एक म्हणून. त्यांच्या दुष्काळातल्या कामाविषयी आम्हाला फार उशिरा वाचायला मिळाले, म्हणून यंदा तेच सांगायचे ठरवले आहे.

बाळ गंगाधर टिळकांचा जन्म २३ जुलै १८५६ रोजी रत्नागिरीला झाला. वडील शिक्षक होते. बाळ गणितात आणि संस्कृतात हुशार. पुण्यात बी. ए. झाल्यावर आणि कायद्याची पदवी घेतल्यावर सरकारी नोकरी न पत्करता ते १८८० मध्ये न्यू इंग्लिश स्कूलच्या कामाला लागले. पुढच्याच वर्षी 'केसरी' सुरू झाला. १८९० मध्ये सहकाऱ्यांशी मतभेद होऊन त्यांनी डेक्कन एज्युकेशन सोसायटी सोडली आणि १८९५ मध्ये पुण्याची सार्वजनिक सभा त्यांच्या पक्षाच्या हाती आली. या सभेला दुष्काळाचे काम नवे नव्हते. १८७६-७७ च्या दुष्काळात सार्वजनिक काका आणि न्यायमूर्ती रानडे यांच्या काळी सभेने गावोगावची हकीकत गोळा करून सरकारपुढे मांडली होती.

१८९६ मध्ये पुन्हा पाऊस फसला. पण या वेळी एक गोष्ट वेगळी होती. आधीच्या दुष्काळात लाखो माणसे मेल्यानंतर सरकारने दुष्काळाचे नियम तयार केले होते. धडधाकट माणसाला काम आणि मजुरी द्यावी, म्हाताऱ्यांना, अपंगांना आणि लहान मुलांना फुकट मदत द्यावी, असे त्यांत होते. पीक बुडालेल्या शेतकऱ्याचा सारा तहकूब किंवा माफ करण्याचीही सोय होती. पण हे सारे इंग्रजीत, कचेरीतल्या कपाटात. खेड्यातल्या शेतकऱ्याला त्याचा पत्ताच नव्हता. सारा भरायला तो बैल विकत होता!

टिळकांनी हे नियम सोप्या मराठीत 'केसरी'त समजावून दिले. सभेची माणसे पत्रके घेऊन गावोगाव गेली. मदत ही साहेबाची मेहेरबानी नसून नियमाने मिळणारी गोष्ट आहे, ती अर्ज करून मागा; दुकाने लुटू नका, कलेक्टरकडे जा, असे ते सांगत. पुण्यात दंगे होऊ नयेत म्हणून टिळकांनी स्वस्त धान्याची दुकाने काढवली. आमच्या मते हे त्यांचे सर्वांत कायदेशीर आंदोलन होते, आणि सरकारला तेच जास्त झोंबले. सभेच्या काही कार्यकर्त्यांवर खटले झाले. १८९७ मध्ये सरकारने सभेची मान्यताच काढून घेतली.

सोलापूर आणि नगरकडचा प्रश्न आणखी अवघड होता. तिथे विणकरांची मोठी वस्ती. दुष्काळात कापड कोण घेणार? माग बंद पडले. सरकारी मदत म्हणजे खडी फोडायचे काम. शेतकऱ्याला ते कसेबसे जमे. विणकराचे हात मात्र त्याने कायमचे बिघडत. कागदावर दोघांना मदत सारखीच होती, प्रत्यक्षात एकाला ती घेताच येत नव्हती. टिळक स्वतः तिथे गेले, व्यापाऱ्यांशी बोलले आणि सरकार व व्यापारी यांनी मिळून विणकरांना त्यांच्याच मागावर काम द्यावे अशी योजना त्यांनी मांडली. मुंबई सरकारने साथ दिली नाही.

टिळकांची सगळीच मते आज आपल्याला पटतील असे नाही. संमतिवयाच्या कायद्याला त्यांनी केलेला विरोध आम्हाला पटत नाही, आणि मोठ्या वर्गातल्या मुलांनी तोही वाचावा. पण भुकेल्या माणसाला त्याचा नियम त्याच्या भाषेत सांगण्याचे काम त्यांच्याइतक्या नेटाने त्या वेळी कोणी केले असेल असे वाटत नाही.

दुष्काळामागोमाग पुण्यात प्लेग आला. तिथेही टिळक शहर सोडून गेले नाहीत, रुग्णालय उभारण्यात पुढे राहिले. जून १८९७ मध्ये रँडचा खून झाला आणि 'केसरी'तल्या लिखाणावरून सप्टेंबरात टिळकांना राजद्रोहाबद्दल दीड वर्षाची सक्तमजुरी झाली. वर्षभराने, सप्टेंबर १८९८ मध्ये, ते सुटले. त्याच वर्षीच्या दुष्काळ आयोगाच्या अहवालात विणकरांना आणि डोंगरी जमातींना वेगळ्या प्रकारे मदत द्यायला हवी, हे मान्य करण्यात आले.