साखरेची चव आणि जनुकाची कळ

१९४० साली जर्मनांच्या ताब्यातील पॅरिसमध्ये झाक मोनो जंतूंना दोन साखरा एकत्र खाऊ घालत होते. जंतू आधी ग्लुकोज संपवत, मग थोडा वेळ वाढ थांबे आणि नंतरच दुसऱ्या साखरेला तोंड लागे. पानातले गोड आधी संपवणाऱ्या मुलासारखेच! मधली थांबण्याची वेळ नवे एन्झाइम बनवण्यासाठी लागत असावी, हे आंद्रे ल्वॉफ यांनी सुचवले. मोनो तेव्हा जर्मनांविरुद्धच्या गुप्त लढ्यातही होते. पकडले जाते तर प्रयोग तिथेच संपते. १९६१ मध्ये फ्रान्स्वा जेकब यांच्यासह त्यांनी जनुके चालू-बंद करणारी कळ मांडली. १९६५ मध्ये तिघांना नोबेल मिळाले. १९७६ मध्ये मोनो गेले.

लघवीच्या जंतुसंसर्गावर आम्ही फॉस्फोमायसिन देतो. ई. कोलाय जंतूत ते साखर-फॉस्फेट आत घेणाऱ्या दारांतूनच शिरते. त्यातले एक दार बाहेर ग्लुकोज-६-फॉस्फेट असेल तरच जंतू बांधतो. इथली कळ थोडी निराळी, पण तत्त्व मोनोंचेच. म्हणून प्रयोगशाळेत या औषधाची चाचणी करताना ती साखर मुद्दाम घालतात. नाही घातली, तर चांगले लागू पडणारे औषधही निकामी ठरू शकते.