भालजी पेंढारकर
भालजी पेंढारकर हे आपल्या कोल्हापूरचे थोर चित्रपट दिग्दर्शक. १९४६ साली त्यांनी 'वाल्मीकी' चित्रपटात तरुण राज कपूरला नारदाची भूमिका दिली. येथील जयप्रभा स्टुडिओ त्यांचाच. १९४८ साली गांधीजींची हत्या झाली. त्यानंतरच्या दंगलीत जमावाने हा स्टुडिओ पेटवला. अनेक वर्षांची मेहनत राख झाली. पण भालजींनी कोल्हापूर सोडले नाही. कर्ज काढून त्यांनी स्टुडिओ पुन्हा उभा केला. पुढे कर्जापायी तो हातचा गेला, तरी त्यांचे काम थांबले नाही. 'साधी माणसं' (१९६५) या चित्रपटात त्यांनी एका लोहार नवराबायकोची गोष्ट सांगितली. मुलांनो, हा चित्रपट जरूर पाहा! त्याला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. भालजींना १९९१ सालचा दादासाहेब फाळके पुरस्कार मिळाला. २६ नोव्हेंबर १९९४ रोजी कोल्हापुरातच त्यांचे निधन झाले.