सात फुटांची नळी

अमेरिकेत फ्लोरिडाच्या उत्तर भागात जमिनीखाली चुनखडीच्या लांबच लांब गुहा आहेत, त्याही पाण्याने भरलेल्या. वर नितळ झरा, खाली अंधारा बोगदा. १९६० आणि ७०च्या दशकांत इथे हौशी पाणबुडे उतरत आणि त्यातले बरेच परत येत नसत. मग त्यांचे मृतदेह बाहेर काढायला ज्यांना बोलावले जाई, त्यांत शाळेत गणित शिकवणारे शेक एक्सली असत.

एक्सली यांचा जन्म १९४९चा, जॅक्सनव्हिलचा. सोळाव्या वर्षी ते पाण्याखाली जाऊ लागले आणि तेविसाव्या वर्षीच त्यांच्या गुहेतल्या फेऱ्या हजारावर पोहोचल्या. पण त्यांचे खरे काम होते अपघातांचा हिशेब मांडणे. कोण, कुठे, कशाने मेला हे पाहून त्यांनी नियम काढले: बाहेरपर्यंत सलग दोरी हवी, हवेचा एक तृतीयांश भाग जाताना, एक तृतीयांश येताना वापरायचा आणि उरलेला संकटासाठी राखायचा, खोलीची मर्यादा पाळायची. १९७९मध्ये त्यांनी यावर छोटे पुस्तक लिहिले. त्यात प्रत्येक धडा एका अपघातापासून सुरू होतो.

राखलेली हवा जोडीदाराला द्यायची कशी, हा पुढचा प्रश्न. समुद्रात हवा संपली तर निदान वर जाता येते, गुहेत वर छत असते. पूर्वी दोघे एकच मुखनळी आळीपाळीने तोंडात धरत. घाबरलेला माणूस ती परत देईलच, याची खात्री कोण देणार? म्हणून त्याच सिलिंडरला दुसरी मुखनळी जोडण्याची पद्धत आली आणि गुहांमध्ये ती रुजवण्यात एक्सली पुढे होते. मात्र तिची नळी साधारण मीटरभर. मोकळ्या पाण्यात शेजारी-शेजारी पोहताना तेवढी पुरते. अरुंद बोगद्यात दोघांना एकामागे एकच जावे लागते, आणि पंख धरून पाणबुड्याची लांबी दोन मीटरच्या वर जाते. मीटरभर नळीने मागच्याचे तोंड पुढच्याच्या कमरेशी अडकणार. त्यातच गाळ उठला की दिसणे बंद. यावर उपाय म्हणजे लांब नळी. आधी पाच फूट, पुढे सात फूट, म्हणजे सुमारे २.१ मीटर. तिच्या प्रसाराचे श्रेय एक्सली यांना दिले जाते.

एवढी लांब नळी ठेवायची कुठे? सहकाऱ्यांनी आणि नंतरच्या पाणबुड्यांनी त्याची मांडणी बसवली. नळी उजव्या बाजूने कमरेपर्यंत खाली, तिथून छातीवरून तिरकी वर, मानेमागून फिरून तोंडात. मान खाली घातली की वेढा सुटतो. संकटात स्वतःच्या तोंडातलीच मुखनळी द्यायची, कारण तिच्यातून हवा येते आहे हे नक्की ठाऊक असते. आपल्यासाठी दुसरी, आखूड नळीची, गळ्यात लवचीक दोरीने अडकवलेली असते.

हौशी पाणबुड्याला मात्र लांब तेवढी चांगली असे नाही. सैल वेटोळे प्रवाळात अडकते. फार आखूड नळी मान वळवताच मुखनळीला ओढ देते, जबडा दुखू लागतो, ओठांच्या फटीतून पाणी शिरते. म्हणून नळी अंगावर सामान चढवून, मान दोन्हीकडे वळवून पाहूनच घ्यावी.

एक्सली स्वतः अधिकाधिक खोल जात राहिले. १९८९मध्ये मेक्सिकोतल्या मान्ते नदीच्या उगमात ते २६० मीटरपेक्षा खाली उतरले. इतक्या खोलीवर साधी हवा चालत नाही, त्यात हेलियम मिसळावा लागतो. ६ एप्रिल १९९४ रोजी मेक्सिकोतच झाकातोन या पाण्याने भरलेल्या विवरात हजार फुटांचा टप्पा गाठायला ते जिम बाउडेन यांच्यासह उतरले. दोघांच्या दोऱ्या वेगळ्या होत्या. बाउडेन परतले. एक्सली यांचे शरीर नंतर दोऱ्या वर ओढताना सापडले. हाताला दोरी गुंडाळलेली होती आणि मनगटावरच्या उपकरणात २६८ मीटर ही खोली नोंदली होती. नेमके काय झाले ते आजवर कळलेले नाही.